आखणीबाहेरची घरे : लहान शहरातील परवडणारा निवारा आणि उज्जैनचे माधव नगर

परवडणाऱ्या घरांविषयी भारतात जे लेखन झाले, जे कायदे झाले आणि ज्या योजना आखल्या गेल्या, त्यांच्या मुळाशी प्रामुख्याने मुंबई, दिल्ली, कोलकाता यांसारख्या महानगरांचा अनुभव आहे. लहान शहरांसाठी वेगळा विचार करण्याऐवजी त्याच योजनांचे आकडे कमी करून त्या खाली पाठवण्याची रीत पडली, आणि त्यामुळे लहान शहरातील गरीब माणूस प्रत्यक्षात घर कसे मिळवतो या प्रश्नाकडे नियोजनशास्त्राचे लक्ष फारसे गेले नाही. उज्जैन हे जनगणनेच्या वर्गवारीने लहान शहर नाही. २०११ च्या गणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या ५ लाख १५ हजारांच्या आसपास होती आणि १ लाखाच्या वरचे प्रत्येक शहर प्रथम श्रेणीत मोडते. परंतु अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवर सुमारे २० लाख वस्तीचे इंदूर असताना, आणि गुंतवणूक, नोकऱ्या व बांधकाम व्यावसायिक यांचा ओढा त्या दिशेला असताना, घरबांधणीच्या अर्थकारणात उज्जैनची गणना लहान शहरांतच करावी लागते. या शहराच्या माधव नगर या भागाला केंद्र मानून केलेल्या विवेचनाची भूमिका मांडणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

माधव नगर म्हटल्यावर महाराष्ट्रातील वाचकाला प्रथम सांगलीजवळचे माधवनगर आठवेल. येथे अभिप्रेत आहे ते ग्वाल्हेर संस्थानचे माधवराव शिंदे (१८७६ ते १९२५) यांच्या नावाचे, फ्रीगंज या नावानेच अधिक ओळखले जाणारे, रेल्वेमार्गापलीकडचे उज्जैन. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि उज्जैन केवळ तीर्थक्षेत्र व पेठेचे गाव राहिले. पुढे रेल्वे, कापूस आणि गिरण्या आल्यावर क्षिप्रेकाठच्या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीबाहेर पडण्याची गरज निर्माण झाली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दरबाराच्या पुढाकाराने ही वसाहत आकाराला आली. सरळ रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या, मोजून पाडलेले प्लॉट, मधोमध घड्याळाचा टॉवर आणि बाजारासाठी राखलेली जागा ही तिची रचना आजही ओळखू येते. व्यापारी, वकील, डॉक्टर, संस्थानी नोकरदार आणि त्यांत मोठ्या संख्येने असलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली; पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांचे भारती कला भवन याच माधव नगरात उभे राहिले. आखीव वसाहत म्हणून माधव नगर यशस्वी ठरले, यात वाद नाही. मात्र प्लॉट ज्याला विकत घेता येतो तोच रहिवासी, या गृहीतावर केलेल्या कोणत्याही आखणीत धुणीभांडी करणारी बाई, हातठेलावाला, गिरणीतला बदली कामगार आणि हमाल यांच्यासाठी वेगळी रेघ ओढलेली नसते. ती माणसे वसाहतीला लागतात, पण नकाशात नसतात, आणि म्हणून ती नाल्याच्या काठी, रेल्वेच्या कडेला, शासकीय मालकीच्या मोकळ्या जमिनीवर, ज्या जमिनीला महसुली भाषेत नजूल म्हणतात, तेथे आपला निवारा स्वतः उभा करतात. आखीव वसाहत आणि तिच्या कडेची न आखलेली वस्ती या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे या विवेचनाचे पहिले गृहीत आहे.

परवडणारे घर या संज्ञेचा शासकीय अर्थ उत्पन्नाशी आणि क्षेत्रफळाशी बांधलेला आहे. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, तर ३ ते ६ लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटात धरले गेले, आणि या गटांसाठी चटई क्षेत्राची मर्यादा अनुक्रमे ३० आणि ६० चौरस मीटर ठरवण्यात आली. व्याख्या म्हणून हे ठीक आहे. परंतु घर परवडते की नाही हे त्याच्या किमतीपेक्षा त्या किमतीचे घटक कसे जुळतात यावर अवलंबून असते. सिमेंट, लोखंड आणि वीट यांचे दर उज्जैनमध्ये इंदुरापेक्षा लक्षणीय कमी नसतात, मजुरीत थोडा फरक पडतो, परंतु घर घेणाऱ्याची मिळकत मात्र बरीच कमी आणि अनियमित असते. उरतो तो जमिनीचा घटक. शहराबाहेर जमीन स्वस्त असते हे खरे, पण पहाटे महाकाल मंदिराच्या परिसरात फुलांची टोपली घेऊन पोहोचायचे असेल आणि त्या वेळी बस नसेल, तर स्वस्त जमिनीवरचे घर रोजच्या रिक्षाभाड्याने महाग होते. म्हणून जमीन, बांधकाम, नळ व सांडपाण्याची सोय, कर्जाचे व्याज आणि कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर या पाचांची बेरीज म्हणजे घराची किंमत, असे धरल्याशिवाय लहान शहराचा हिशेब लागत नाही. आणि या पाचांपैकी शासकीय योजनांचा मुख्य भर बांधकामावर राहिला आहे.

महानगराचा तोडगा लहान शहरात का चालत नाही, याचे कारणही जमिनीच्या किमतीतच आहे. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बिल्डर झोपडीधारकाला फुकट घर देतो, ज्याचा आकार आधी २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट झाला, आणि त्याचा खर्च त्याच जागेवर किंवा अन्यत्र मिळणाऱ्या जादा बांधकामाच्या हक्कातून भरून काढतो. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल हे सांगणाऱ्या प्रमाणाला महाराष्ट्रात चटई क्षेत्र निर्देशांक आणि मध्य प्रदेशात एफएआर म्हणतात, तर हा हक्क एका जागेवरून दुसरीकडे नेऊन विकण्याच्या सोयीला हस्तांतरणीय विकास हक्क असे नाव आहे. हे सारे गणित खुल्या बाजारातील सदनिकेच्या अफाट भावावर उभे आहे. उज्जैनमध्ये जादा मजल्याला तसा भाव नाही, कारण आडव्या जमिनीवर दोन मजली घर बांधणे हीच येथल्या मध्यमवर्गाची रीत आहे. जिथे वरच्या मजल्याला गिऱ्हाईक नाही तिथे वरच्या मजल्याचा हक्क विकून खालच्याला फुकट घर देता येत नाही. महाराष्ट्रातही २०१३ मध्ये ४ हजार चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या प्रकल्पांत २० टक्के लहान घरे राखण्याची अट आली ती १० लाखांपेक्षा अधिक वस्तीच्या महापालिकांपुरती. त्याहून लहान शहरांना त्या अटीत जागा नव्हती. मध्य प्रदेशात कॉलनी पाडणाऱ्याने, म्हणजे तेथल्या भाषेत कॉलोनायझरने, दुर्बल घटकांसाठी काही प्लॉट वा घरे राखावीत किंवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरावे, अशी तरतूद आहे. शुल्क भरण्याची वाट मोकळी असली की गरिबाचे घर श्रीमंताच्या कॉलनीबाहेर राहणार, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशाचा एक कायदा विशेष लक्ष देण्यासारखा आहे, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकांनी त्याकडे जितके पाहायला हवे होते तितके पाहिलेले नाही. १९८४ मध्ये राज्याने शहरी भागातील भूमिहीन व्यक्तींना भाडेपट्ट्याचे हक्क देणारा अधिनियम केला. १० एप्रिल १९८४ रोजी शासकीय वा नगरपालिकेच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या कुटुंबाला ५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा द्यावा, वस्ती जागेवरच ठेवता येण्याजोगी असेल तर तो ३० वर्षांचा असावा, आणि नाला, रस्ता किंवा अन्य सार्वजनिक उपयोगाच्या आड येत असेल तर तात्पुरता असावा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे पात्रतेची तारीख अनेकदा पुढे सरकवण्यात आली. मालकी हक्क न देता हुसकावण्याची भीती काढून टाकणे, हे या कायद्याचे सामर्थ्य. भीती गेली की लोक पत्र्याच्या जागी वीट लावतात, पुढच्या वर्षी स्लॅब टाकतात, मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली चढवतात, आणि अशा रीतीने कोणत्याही मंडळाने बांधली नसती इतकी घरे हप्त्याहप्त्याने उभी राहतात. कायद्याची दुबळी बाजूही तितकीच स्पष्ट आहे: पट्टा विकता येत नाही, म्हणून तो मुद्रांकाच्या कागदावर नोटरी करून विकला जातो, घर खरेदी करणाऱ्याचे नाव पट्ट्यावर कधीच चढत नाही, आणि पहिल्या फेरीतले ३० वर्षांचे पट्टे २०१४ च्या सुमारास संपले, तेव्हा ज्यांनी त्यांच्या भरवशावर पक्की घरे बांधली होती त्यांच्यासमोर नूतनीकरणाचा प्रश्न येऊन उभा राहिला.

पट्ट्याचे महत्त्व प्रधानमंत्री आवास योजनेने नव्याने अधोरेखित केले. तिच्या चार घटकांपैकी लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधायचे आणि केंद्राने दीड लाख रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने द्यायचे, या घटकात मंजूर झालेली घरे देशभरातील एकूण मंजूर घरांच्या निम्म्याहून अधिक आहेत. अर्थात जागा स्वतःची असल्याचा कागद हवा. पट्टा असेल तो पात्र. नसेल तो अपात्र. गृहकर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान देणारा दुसरा घटक, जो २०२२ च्या मार्चअखेर दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी बंद झाला, त्याचा लाभ पगारपत्रक असणाऱ्यालाच सहज मिळू शकत होता. ई-रिक्षा चालवणाऱ्याला किंवा प्रसादाचे दुकान मांडणाऱ्याला बँकेने पगारपत्रक मागावे, यातच त्या घटकाची मर्यादा दिसते.

पट्ट्याच्या कक्षेत न येणारा, पण नियमांच्याही बाहेर राहणारा फार मोठा वर्ग अवैध कॉलन्यांत राहतो. शेतकऱ्याची जमीन घेऊन, तिचे डायव्हर्शन म्हणजे शेतीतून बिगरशेती वापरात रूपांतर न करता, नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून अभिन्यास मंजूर न घेता, चुन्याच्या रेषा मारून प्लॉट विकायचे, हा प्रकार महाराष्ट्राला गुंठेवारी या नावाने परिचित आहे, आणि त्याच्या नियमितीकरणासाठी महाराष्ट्राने २००१ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. मध्य प्रदेशात नियमितीकरणाचा नियम २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने रद्द केला, आणि २०२१ मध्ये नगरपालिका कायद्यांत दुरुस्ती करून ती वाट पुन्हा खुली करण्यात आली. या कॉलन्यांचा निषेध करणे सोपे आहे. परंतु ५०० किंवा ६०० चौरस फुटांचा प्लॉट, हप्त्याने पैसे, आणि बांधायला आजच सुरुवात, या तीन गोष्टी एकत्र देणारा दुसरा कोणीही लहान शहरात नसतो. विकास प्राधिकरणाचा प्लॉट मोठा, महाग आणि लिलावात मिळणारा असतो. अवैध कॉलनी ही नियोजनाच्या अपयशाची नोंद आहे तशी ती मागणीचे सर्वांत प्रामाणिक सर्वेक्षणही आहे, आणि त्या अर्थाने तिचा अभ्यास व्हायला हवा.

प्लॉट लहान ठेवून, सेवा आधी देऊन आणि बांधकाम लोकांवर सोपवून वसाहत आखता येते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. इंदूरला १९८० च्या दशकात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्य ही वसाहत रचली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, त्यांतले सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचे; त्यांवर जोते आणि संडास-मोरीचा गाभा तेवढा तयार करून दिलेला, बाकी घर कुटुंबाने जमेल तसे वाढवायचे; आणि नमुन्यादाखल बांधलेली ८० घरे, ज्यांवरून जिना कुठे, ओटा कुठे, पुढे वाढ कशी होऊ शकते हे समजावे. दुर्बल घटकांचे प्लॉट बहुसंख्य असूनही मोठे प्लॉट कडेने विकून त्या पैशाचा आधार लहानांना देण्याची सोय आराखड्यातच होती. १९९५ मध्ये अरण्यला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी इंदुरातल्याच हिमांशु पारिख यांच्या झोपडवस्ती सुधार प्रकल्पाला तो मिळाला, ज्यात वस्त्या हलवण्याऐवजी शहराची गटारे व पाण्याच्या नळ्या वस्त्यांच्या उतारावरून नेण्यात आल्या. त्याहून आधी, १९१८ मध्ये, होळकर दरबारासाठी लिहिलेल्या इंदूरविषयीच्या अहवालात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी पाडापाडीऐवजी जपून केलेल्या अल्पशा काटछाटीचा पुरस्कार केला होता. एवढी परंपरा शेजारी असताना उज्जैनमध्ये तिचा ठसा उमटला नाही, याचे आश्चर्य वाटते. आश्चर्य यासाठीही की अरण्यनंतर खुद्द इंदुरानेही तसे दुसरे काही केले नाही. पुढे काही रहिवाशांनी प्लॉट विकले आणि त्यावरून या पद्धतीवर टीका झाली, पण गरीब कुटुंबाने अडचणीच्या वेळी आपली एकमेव मालमत्ता विकली, तर तो दोष वसाहतीच्या रचनेचा मानणे हे घाईचे आहे.

महाराष्ट्रातील सोलापूरचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्थेच्या मार्गाने उभारलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये पूर्ण होऊन तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले, आणि त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीमुळे हे घडले. घरांची मागणी संघटित झाली तर जमीन, अनुदान आणि कर्ज या तिन्ही कार्यालयांना एका टेबलाशी आणता येते, हे सोलापूरने दाखवले. पण एवढी मोठी वस्ती शहरापासून दूर वसवल्यावर पाणी आणि वाहतूक यांचे ओझे त्या वस्तीवरच पडते, हाही त्याच उदाहरणाचा भाग आहे. उज्जैनमध्ये अशा प्रकारची एकसंध कामगार संघटना आज नाही. विनोद मिल बंद पडल्यावर गिरणी कामगार हा संघटित वर्ग विस्कटला, आणि मंदिराभोवतीच्या उपजीविका स्वभावतःच विखुरलेल्या आहेत.

या उपजीविकांचा घराच्या रचनेशी असलेला संबंध बहुमजली इमारती बांधताना लक्षात घेतला जात नाही. भैरवगढचे छपाई आणि बाटिकचे काम करणारी कुटुंबे कापड रंगवतात, मेण उकळतात, धुतात आणि वाळवतात. हे चौथ्या मजल्यावरच्या ३० चौरस मीटरांत होत नाही. हातठेला जिन्यावरून चढत नाही आणि रात्री खाली ठेवला तर चोरीला जाण्याची भीती असते. ई-रिक्षाला रात्रभर चार्जिंग लागते. ज्या कुटुंबाच्या घरातच त्याचे दुकान, गोदाम किंवा कारखाना असतो, त्याला सदनिका देणे म्हणजे निवारा देताना रोजगार काढून घेणे होय, आणि पुढे ती सदनिका भाड्याने देऊन ते कुटुंब पुन्हा नाल्याकाठी परतले की त्याला लबाड ठरवले जाते. भाड्याच्या घरांचा प्रश्न याहूनही दुर्लक्षित राहिला. मध्य प्रदेशाचा १९६१ चा जागा नियंत्रण कायदा जुन्या भाडेकरूला संरक्षण देतो, पण त्यामुळे जुन्या शहरातील वाडे दुरुस्तीवाचून राहतात. माधव नगरातल्या घरांच्या मागच्या आणि गच्चीवरच्या खोल्यांत विद्यार्थी व नोकरदार तोंडी करारावर राहतात. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा विस्तारित परिसर खुला झाल्यावर यात्रेकरूंची वर्दळ वाढली, तेव्हा मंदिराजवळच्या खोल्यांचे उत्पन्न महिन्याच्या भाड्यापेक्षा एका रात्रीच्या भाड्यात अधिक दिसू लागले. २०२४ मध्ये आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक झाला, हे म्हणूनच स्वागतार्ह आहे.

आणि शेवटी सिंहस्थ कुंभमेळा. २००४, २०१६ आणि आता २०२८, असे उज्जैनच्या सार्वजनिक खर्चाचे घड्याळ बारा वर्षांनी वाजते. रस्ते, पूल, घाट, मलवाहिन्या यांसाठी त्या त्या वेळी मोठा निधी येतो, आणि नवा रस्ता जिथे जातो तिथल्या जमिनीचा भाव तो पूर्ण होण्याआधीच चढतो. हा वाढीव भाव सार्वजनिक पैशाने निर्माण होतो, परंतु त्यातला वाटा घरांसाठी परत घेण्याची यंत्रणा नाही. २०२८ च्या मेळ्यासाठी मेळाक्षेत्रातील शेतजमिनी एकत्र करून, पक्की कामे करून, विकसित जमिनीचा निम्मा भाग मूळ मालकांना परत देण्याची लँड पूलिंगची योजना शासनाने आणली होती. शेतकऱ्यांचा, विशेषतः भारतीय किसान संघाचा, तीव्र विरोध झाल्यावर २०२५ च्या अखेरीस शासनाला माघार घ्यावी लागली. जमिनीचे एकत्रीकरण ही पद्धत मुळात वाईट नाही. गुजरातमध्ये नगररचना योजनांच्या रूपाने ती दीर्घकाळ चालली आहे आणि तेथे दुर्बल घटकांच्या घरांसाठी काही भाग राखण्याची तरतूदही तिच्यात आहे. उज्जैनमध्ये ती मेळ्याच्या निमित्ताने, मेळ्याच्या जमिनीवर आणि मेळ्याच्या घाईत आणली गेली, म्हणून शेतकऱ्याला ती विकासापेक्षा अधिग्रहणासारखी दिसली, आणि घरांचा प्रश्न तर त्या चर्चेत उच्चारलाही गेला नाही.

या सर्व धाग्यांची गुंतागुंत वाढते ती कार्यालयांच्या रचनेमुळे. विकास योजना १९७३ च्या अधिनियमाखाली नगर तथा ग्राम निवेश विभाग करतो, प्लॉट विकास प्राधिकरण पाडते, पट्टा महसूल यंत्रणा देते, आवास योजनेचे अर्ज महापालिका घेते, आणि जमिनीचा सरकारी दर, ज्याला मध्य प्रदेशात कलेक्टर गाइडलाइन आणि महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणतात, तो नोंदणी विभाग ठरवतो. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, प्रत्येकाची तारीख वेगळी. पट्टे दिलेली वस्ती विकास योजनेत हरित क्षेत्र म्हणून रंगवलेली सापडणे अशक्य नाही. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची कमतरता सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी काढली होती, तीतली सुमारे दीड कोटी कुटुंबे बेघर नसून दाटीत राहणारी होती, आणि त्याच सुमारास शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. म्हणजे नवी घरे मोजत राहण्यापेक्षा असलेल्या घराला आणखी एक खोली, एक नळ आणि एक खात्रीचा कागद मिळवून देणे, हे लहान शहराच्या आवाक्यातले काम अधिक आहे. त्यासाठी माधव नगराच्या परिसरात पहिली गरज आहे ती नजूल जमिनी, दिलेले व संपलेले पट्टे, अवैध कॉलन्या आणि बसमार्ग एकाच नकाशावर आणण्याची, आणि तो नकाशा महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात लोकांना पाहता येईल अशा रीतीने लावण्याची.